दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी

जात आणि लिंगभाव यांचा एकत्र विचार करणारी संशोधनाची आणि राजकारणाची एक भूमिका. दलित स्त्रीच्या जगण्यापासून अभ्यासाला सुरुवात केली, तर केवळ तिचेच नव्हे, तर सगळ्या समाजाचे व्यवहार अधिक स्पष्ट दिसतात, हा तिचा मुख्य दावा. माणूस जिथे उभा असतो तिथून त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे दोन्ही ‘भूमिदृष्टी’ या मराठी शब्दात नेमके आले आहे.

१९९५ मध्ये राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दलित स्त्रिया सवर्ण स्त्रियांपेक्षा आणि दलित पुरुषांपेक्षाही वेगळे का बोलतात, याची मांडणी केली. १९९८ मध्ये त्याच साप्ताहिकात पुण्यातील समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी ती चर्चा पुढे नेली. १९७०-८० च्या दशकांतील चळवळींत बाई म्हटली की सवर्ण बाई आणि दलित म्हटला की दलित पुरुष, असेच गृहीत धरले गेले, हे रेगे यांनी दाखवले. त्यांचा त्याहून बोचरा मुद्दा ‘वेगळेपणा’विषयी होता. दलित स्त्रिया वेगळ्या, त्यांचे प्रश्न त्यांनीच मांडावेत, असे म्हणून सवर्ण स्त्रीवादी हात झटकू शकतात. वरवर आदराची वाटणारी ही भाषा स्वतःची जात तपासण्याचे काम टाळते. म्हणून भूमिदृष्टी जन्माने आपोआप मिळत नाही, ती अभ्यासाने आणि संघर्षाने कमवावी लागते, आणि दलितेतर स्त्रियांनाही स्वतःला बदलून ती घेता येते, असे रेगे यांचे म्हणणे. यावर वाद आहे, आणि तो असणे रास्तच आहे: सवर्ण अभ्यासकाने दलित स्त्रीच्या वतीने बोलायला लागणे ही जुनीच सत्ता नव्या वेषात परतण्याची वाट ठरू शकते.

या दृष्टीचा खरा कस दलित स्त्रियांच्या आत्मकथनांच्या वाचनात लागतो. फलटणच्या बेबी कांबळे छोटे दुकान चालवत. माल बांधायला आणलेली रद्दीतली वर्तमानपत्रे त्या वाचत आणि फावल्या वेळात लिहीत. लिहिलेले नवऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी ते कित्येक वर्षे लपवून ठेवले. त्यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातली भूक, गावकीची कामे आणि बाबासाहेबांच्या शब्दाने उभी राहिलेली माणसे येतात. सासरहून पळू पाहणाऱ्या सुनेच्या पायात अडकवला जाणारा लाकडी खोडाही त्यातच येतो. गावाने वस्तीवर लादलेले जोखड आणि वस्तीने सुनेवर लादलेला खोडा एकाच बाईने, एकाच पुस्तकात मांडले. यातले एक वाचून दुसरे सोडून देणाऱ्याला हे पुस्तक कळले, असे म्हणता येणार नाही. रेगे यांनी अशा कथनांना समाजशास्त्राच्या वर्गात मूळ साधनाचा मान दिला.

लावणीवरचा त्यांचा अभ्यासही याच वाटेने जातो. पेशवाईतल्या लावणीने खालच्या जातींतील स्त्रीचे शरीर सदा कामातुर म्हणून रंगवले आणि त्यातून तिच्या श्रमावरचा व देहावरचा वरच्या जातींचा हक्क स्वाभाविक ठरवला, असे त्यांनी दाखवले.

या विचाराचे धागे आता क्वीअर (लिंगभाव व लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या) आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या प्रश्नांपर्यंत पोचले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात पारलिंगी व्यक्तींना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण देण्यास सांगितले. पण दलित पारलिंगी व्यक्तीने मग अनुसूचित जातीची म्हणून अर्ज करायचा की मागासवर्गीय पारलिंगी म्हणून? एकाच माणसाला आपल्या दोन ओळखींतून एक निवडायला लावणारा हा पेच आहे. म्हणून तमिळनाडूतील ग्रेस बानू यांच्यासारख्या दलित पारलिंगी कार्यकर्त्या समांतर आरक्षण मागतात: स्त्रियांसाठी असते तसे, प्रत्येक जातप्रवर्गाच्या आत.