ओझेब रनोदो

(जन्म : पॅरिस, १६४६, काही चरित्रकोशांत १६४८, मृत्यू : पॅरिस, १ सप्टेंबर १७२०). फ्रेंच धर्मपंडित, अरबी, सिरियाक व कॉप्टिक भाषांचा जाणकार आणि अलेक्झांड्रियाच्या कॉप्टिक (इजिप्तमधल्या मूळ ख्रिस्ती समाजाच्या) पॅट्रिआर्कांचा, म्हणजे प्रमुख धर्मगुरूंचा, इतिहासकार. इजिप्तमधील ख्रिस्ती समाजाचा तेराव्या शतकापर्यंतचा इतिहास अरबी हस्तलिखितांच्या आधारे युरोपीय वाचकांपुढे तपशिलाने मांडणारा ग्रंथ त्याने १७१३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढची दीडशेहून अधिक वर्षे या विषयावर लिहिणाऱ्या कोणालाही तो टाळता आला नाही. रनोदोने इजिप्त कधी पाहिले नव्हते. त्याचा सारा पूर्वेकडचा प्रवास पॅरिस आणि इटलीतल्या ग्रंथालयांत झाला.

रनोदो घराणे वृत्तपत्रांच्या इतिहासात आधीच नाव मिळवून होते. त्याचे आजोबा तेओफ्रास्त रनोदो हे लूदँचे डॉक्टर, जन्माने प्रॉटेस्टंट, नंतर कॅथलिक झालेले. कार्डिनल रिशल्यचा आश्रय मिळवून त्यांनी १६३१ मध्ये ‘गाझेत’ हे फ्रान्समधले पहिले नियमित साप्ताहिक सुरू केले. वडीलही डॉक्टर होते, युवराजाचे राजवैद्य. ओझेबने मात्र वैद्यकी पत्करली नाही. जेझुइटांच्या शाळेत शिकून १६६६ मध्ये तो ओरातोरियन या कॅथलिक पाद्र्यांच्या संघात गेला, पण प्रकृतीने साथ न दिल्यामुळे १६७२ मध्ये बाहेर पडला. धर्मसेवेच्या खालच्या पायऱ्यांपलीकडे त्याने दीक्षा घेतली नाही. तरी पाद्र्याचा पोशाख आणि ‘आबे’ ही उपाधी त्याने आयुष्यभर सोडली नाही. त्या काळच्या फ्रान्समध्ये असे आबे पुष्कळ होते. चर्चचे उत्पन्न आणि चर्चचा वेष असलेले, पण वेदीपेक्षा लिहिण्याच्या टेबलाशी अधिक रमणारे.

१६७९ मध्ये वडील वारले आणि ‘गाझेत’चे संपादन त्याच्याकडे आले. ते त्याने मरेपर्यंत सांभाळले. बातम्यांच्या या धंद्यामुळे दरबारात त्याचे वजन होते. रोम आणि इंग्लंडच्या कारभाराबद्दल मंत्री त्याचा सल्ला घेत. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या मनात त्याच्या मदतीने पॅरिसमध्ये पौर्वात्य भाषांतील ग्रंथ छापण्याची योजना होती, पण १६८३ मध्ये कोल्बेर गेला आणि योजना बारगळली. १६८९ मध्ये रनोदो फ्रेंच अकादमीत आला आणि १६९१ मध्ये शिलालेख अकादमीत. एवढे होऊनही साठीच्या आसपास येईपर्यंत त्याच्या नावावर एकही मोठा ग्रंथ नव्हता. महत्त्वाचे सगळे लेखन १७०८ ते १७१८ या दहा वर्षांत बाहेर पडले.

या लेखनाचे मूळ एका फ्रेंच वादात आहे. ख्रिस्तप्रसादाच्या विधीत भाकर आणि द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, ही कॅथलिक श्रद्धा. ती आद्य चर्चमध्ये नव्हती, मध्ययुगात रुजली, असे प्रॉटेस्टंटांचे म्हणणे. आंत्वान आर्नो आणि पिएर निकोल यांनी प्रॉटेस्टंट पाद्री झाँ क्लोद यांना उत्तर म्हणून ‘श्रद्धेचे सातत्य’ या आशयाच्या शीर्षकाचा बहुखंडी ग्रंथ १६६९ पासून काढायला सुरुवात केली. त्यांचा युक्तिवाद साधा आणि हुशार होता. ग्रीक, सिरियन, आर्मेनियन, कॉप्ट ही चर्चे शतकानुशतके रोमपासून फुटून वेगळी राहिली. रोमचे ऐकायचे त्यांना काहीच कारण नव्हते. तरीही त्यांची या बाबतीतली श्रद्धा रोमसारखीच असेल, तर ती फुटीच्या आधीपासूनची मानावी लागते. म्हणजे ज्यांना रोम पाखंडी म्हणत आले होते, त्यांनाच आता साक्षीदार म्हणून बोलावायचे होते.

साक्ष गोळा करण्याचे काम राजकीय पातळीवर झाले. कॉन्स्टँटिनोपलमधले फ्रेंच राजदूत मार्की द न्वाँतेल यांनी पूर्वेकडच्या बिशपांकडून लेखी निवेदने मिळवली. या कामात त्यांच्या बरोबर आंत्वान गालाँ होता, पुढे अरबी सुरस कथा फ्रेंचमध्ये आणणारा तोच. निवेदने मात्र संशयास्पद ठरू शकत होती. पैसे देऊन किंवा दडपण आणून ती घेतली, असे विरोधक म्हणू शकत होते आणि म्हणतही होते. रनोदोचा खरा हातखंडा इथे दिसतो. आज कोण काय लिहून देतो याच्या मागे न लागता त्याने त्या चर्चांची स्वतःची जुनी पुस्तके उघडली : उपासनाविधी, धर्मनियमांचे संग्रह, अरबी इतिहास. भांडणाच्या कित्येक शतके आधी लिहिलेल्या कागदावर लाच दिल्याचा आरोप करता येत नाही. ‘श्रद्धेचे सातत्य’चा चौथा खंड (१७११) आणि पाचवा खंड (१७१३) त्याने लिहिले. त्याआधी त्याला झाँ एमोँ या माणसाशीही झुंजावे लागले. एमोँ कॅथलिक पाद्रीपण सोडून प्रॉटेस्टंट झालेला. राजग्रंथालयातली हस्तलिखिते चोरून तो हॉलंडला गेला आणि त्यांतल्या काही कागदांवर आधारलेले पुस्तक त्याने १७०८ मध्ये हेगला छापले. रनोदोचे उत्तर इतके कडवट आहे की त्यात विद्वत्ता किती आणि राग किती हे वेगळे काढणे अवघड जाते.

‘हिस्टोरिया पात्रिआर्कारुम आलेक्झांड्रिनोरुम याकोबितारुम’ हा त्याचा मुख्य लॅटिन ग्रंथ याच साहित्यातून वाढला. संत मार्कपासून तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा सलग वृत्तांत, त्यानंतरच्या पॅट्रिआर्कांची यादी आणि इजिप्तच्या घडामोडी समजाव्यात म्हणून मुस्लिम इतिहासाचा सारांश असा त्याचा आवाका आहे. शीर्षकातले ‘याकोबी’ हे नाव कॉप्टांनी स्वतःला घेतलेले नाही. ४५१ च्या कॅल्सेडन परिषदेने ख्रिस्ताच्या दोन स्वरूपांचा सिद्धांत ठरवला. तो नाकारणाऱ्यांना बाहेरचे लोक सिरियन बिशप याकोब बरादाई याच्या नावावरून असे म्हणू लागले. परिषद मान्य करून सम्राटाच्या बाजूने राहिले ते मेल्काइट. दोन्ही गटांचे पॅट्रिआर्क अलेक्झांड्रियात शेजारीशेजारी असत, आणि रनोदोच्या पुस्तकातला बराचसा ताण या शेजारामुळेच आहे.

त्याचा मुख्य आधार होता अरबीतला ‘पॅट्रिआर्कांचा इतिहास’. परंपरेने हा ग्रंथ दहाव्या शतकातला अश्मूनैनचा बिशप साविरस इब्न अल्‌मुकफ्फा याच्या नावावर आहे आणि रनोदोही तसेच मानतो. कॉप्टिक मठांमध्ये विखुरलेली पॅट्रिआर्कांची चरित्रे अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात अलेक्झांड्रियाच्या मवहूब इब्न मन्सूर याने गोळा करून अरबीत आणली आणि पुढे इतरांनी ती वाढवत नेली, असे आता मानले जाते. तोवर सामान्य कॉप्ट माणसाच्या तोंडी अरबी आली होती आणि कॉप्टिक उपासनेपुरती उरत चालली होती. त्यामुळे या समाजाचा स्वतःबद्दलचा सगळ्यात मोठा ग्रंथ राज्यकर्त्यांच्या भाषेत आहे. रनोदोने याखेरीज मेल्काइट पॅट्रिआर्क युटिकिअस (सईद इब्न बत्रीक), इतिहासकार अल्‌मकीन आणि अबू सालेहच्या नावाने ओळखले जाणारे इजिप्तमधल्या चर्च व मठांचे वर्णन हेही वापरले. हे शेवटचे हस्तलिखित कोल्बेरसाठी इजिप्तमध्ये पुस्तके शोधत हिंडलेल्या योहान मिखाएल वान्सलेबने पॅरिसला आणले होते. वान्सलेबने स्वतः १६७७ मध्ये अलेक्झांड्रियाच्या चर्चवर एक छोटे पुस्तक लिहिले होते. रनोदोच्या ग्रंथापुढे ते मागे पडले, पण पाऊलवाट त्याने पाडली होती.

या अरबी इतिहासात काय आहे, ते एक-दोन प्रसंगांवरून कळते. अरब सैन्य इजिप्तमध्ये आले तेव्हा कॉप्टिक पॅट्रिआर्क बेंजामिन बायझंटिन सत्तेच्या छळामुळे लपून होता. बायझंटिन सम्राट हेराक्लिअसच्या कारकिर्दीची दहा वर्षे आणि मुस्लिम अंमलाची तीन, अशा तेरा वर्षांनंतर सेनापती अम्र इब्न अल्‌आसने अभयपत्र पाठवून त्याला सन्मानाने परत बोलावले. म्हणजे कॉप्टांच्या आठवणीत अरबांचा विजय निदान सुरुवातीला सुटका म्हणून नोंदला गेला. त्याच ग्रंथात पुढे कर वसुलीचे जाच, हाकिम खलिफाच्या काळातली चर्चची पाडापाडी, आणि पैसे देऊन बिशपपदे मिळवण्याचे चर्चमधलेच प्रकारही आहेत. आठव्या शतकात पॅट्रिआर्क मिखाएलला कैदेत टाकले म्हणून नुबियाचा ख्रिस्ती राजा किरियाकोस सैन्य घेऊन इजिप्तवर चालून आला, अशी कथाही आहे. रनोदोने नुबिया, इथिओपिया, आर्मेनिया आणि अँटिओकच्या पॅट्रिआर्कांविषयी मिळेल ते सगळे या चौकटीत ओवले. इथिओपियाचा मुख्य बिशप अलेक्झांड्रियाहून पाठवला जाण्याची प्रथा विसाव्या शतकापर्यंत चालली, त्यामुळे तो भाग परका वाटत नाही.

युटिकिअसवरून झालेला वाद ध्यानात घेतला की या ग्रंथाची चाल समजते. जॉन सेल्डन या इंग्रज पंडिताने १६४२ मध्ये युटिकिअसचा एक उतारा छापला होता. चौथ्या शतकाच्या आरंभापर्यंत अलेक्झांड्रियात बारा धर्मगुरूच आपल्यातून एकाला निवडून पॅट्रिआर्क म्हणून अभिषेक करीत, असे त्यात म्हटले होते. बिशपांशिवाय चर्च चालते असे सांगणाऱ्या इंग्रज प्रेस्बिटेरियनांना हे आयते कोलीत मिळाले. दहाव्या शतकातल्या लेखकाची तिसऱ्या शतकाबद्दलची एकाकी साक्ष इतर परंपरेपुढे टिकत नाही, असे रनोदो दाखवू पाहतो. बिशपपदाचा बचाव हा त्याचा हेतू होता हे उघड आहे. पण साक्षीदार कधीचा, त्याला कसे कळले आणि दुसरे कोणी तसे म्हणते का, हे तीन प्रश्न तो विचारतो, आणि सोयीच्या ठिकाणीही बहुधा विचारतो. अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय खलिफा उमरच्या आज्ञेने जाळून स्नानगृहे तापवली, ही गोष्ट एडवर्ड पोकॉकने ऑक्सफर्डला १६६३ मध्ये छापलेल्या अबुल फरजच्या इतिहासामुळे युरोपभर पसरली होती. मुसलमानांना दूषण द्यायला ती फार सोयीची होती. तरीही रनोदोने ती अविश्वसनीय म्हणून बाजूला ठेवली. एडवर्ड गिबनने पुढे तिच्यावर अविश्वास दाखवला तो जास्त गाजला.

ग्रंथाचे दोष तितकेच ठळक आहेत. अरबी मजकूर छापलेलाच नाही, आणि लॅटिन हे भाषांतर नसून सारांश आहे. मूळ कुठे संपते आणि रनोदोचे मत कुठे सुरू होते, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. चमत्कारांच्या कथा तो गाळतो किंवा उरकतो, आणि त्या कॉप्ट वाचकाला का महत्त्वाच्या होत्या हे त्याला फारसे जाणून घ्यायचे नाही. विषयांतरे लांबलचक आहेत. मूळ अरबी ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह छापायला बी. टी. ए. एव्हेट्स यांनी १९०४ पासून सुरुवात केली आणि पुढचे भाग कैरोच्या कॉप्टिक पुरातत्त्व संस्थेने विसाव्या शतकात काढले, तेव्हा कुठे मूळ मजकुराशी ताडून पाहणे सोपे झाले.

१७१५-१६ मध्ये दोन खंडांत आलेला ‘लितुर्गियारुम ओरिएंतालियुम कोलेक्तियो’ हा उपासनाविधींचा संग्रह अधिक टिकाऊ ठरला. पहिल्या खंडात बेसिल, ग्रेगरी आणि किरिल यांच्या नावे चालणारे कॉप्टिक विधी लॅटिन रूपांतर व टीपांसह आहेत, दुसऱ्यात सिरियाक परंपरेतले. त्यांत पूर्व सिरियन चर्चचा अद्दै व मारी यांच्या नावाचा विधीही येतो. केरळच्या संत थॉमस ख्रिश्चनांची जुनी उपासना याच घराण्यातली. गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १५९९ च्या उदयंपेरूर सभेत तिच्यात रोमन वळणाचे फेरफार करवले होते. रनोदोचा संग्रह १८४७ मध्ये फ्रँकफुर्टला पुन्हा छापला गेला.

मराठी वाचकाला रनोदोचे नाव माहीत असण्याचे वेगळे कारण १७१८ मधल्या एका पुस्तकात आहे. नवव्या शतकातल्या दोन मुसलमान प्रवाशांचे हिंदुस्थान व चीनचे वृत्तांत म्हणून त्याने एक अरबी हस्तलिखित फ्रेंचमध्ये आणले. पहिला भाग ८५१ चा, सुलेमान या व्यापाऱ्याच्या नावाशी जोडला गेलेला. दुसरा भाग दहाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या आखातावरील सिराफ बंदराच्या अबू झैदने लिहिला. अबू झैद स्वतः प्रवासाला गेलेला नव्हता, त्याने खलाशांकडून ऐकून लिहिले. जगातले चार मोठे राजे अरब, चीन, रूम (बायझंटिन साम्राज्य) यांचे आणि हिंदुस्थानचा बल्हारा, असे पहिल्या भागात म्हटले आहे. बल्हाराच्या राज्याची सुरुवात ‘कमकम’ या किनाऱ्यापासून होते, आणि अरबांवर त्याच्याइतका लोभ असलेला दुसरा राजा नाही. कमकम म्हणजे कोकण, आणि बल्हारा म्हणजे ‘वल्लभ’ हे बिरुद लावणारे मान्यखेटचे राष्ट्रकूट. ८५१ मध्ये गादीवर पहिला अमोघवर्ष होता. राष्ट्रकूटांचे ताम्रपट वाचले जायला १७१८ नंतर शतकाहून अधिक काळ जायचा होता. बल्हारा आणि राष्ट्रकूट वल्लभ एकच, हे रा. गो. भांडारकरांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासात नीट मांडले.

पॅरिसमध्ये मात्र या पुस्तकावरून वेगळाच गदारोळ झाला. जेझुइटांनी रंगवलेले चीनचे ज्ञानी आणि सदाचारी चित्र रनोदोला मान्य नव्हते. सोबतच्या प्रबंधांत त्याने ते खोडून काढायचा प्रयत्न केला, आणि चीनमधले मिशनरी चिडले. भरीला, हस्तलिखित कुठे आहे हे त्याने नीट सांगितले नव्हते. ते कोल्बेर घराण्याच्या संग्रहात होते. रनोदोने हा मजकूर स्वतःच रचला असावा, अशी कुजबुज त्याच्या मृत्यूनंतरही चालू राहिली. १७६४ मध्ये जोझेफ द गीन्यला तेच हस्तलिखित राजग्रंथालयात सापडले आणि संशय मिटला. हस्तलिखितांच्या पुराव्यावर आयुष्यभर दुसऱ्यांना धारेवर धरणाऱ्याने स्वतःच्या हस्तलिखिताचा पत्ता देऊ नये, हा निष्काळजीपणा त्याला महाग पडला.

मित्रांत तो उदार, विरोधकांशी निष्ठुर. बिशप बोस्युए त्याचा स्नेही, कवी बोआलोने ईश्वरप्रेमावरची पत्रकविता त्यालाच उद्देशून लिहिली. दुसरीकडे पिएर बेलच्या चरित्रकोशाबद्दल त्याने दिलेल्या प्रतिकूल अभिप्रायामुळे तो कोश फ्रान्समध्ये छापायला १६९७ मध्ये मनाई झाली, आणि व्हॉल्तेअरने त्याला ही गोष्ट कधी माफ केली नाही. १७०० मध्ये तो कार्डिनल द नोआय यांच्याबरोबर पोपच्या निवडणुकीसाठी रोमला गेला. नव्या पोपने, अकराव्या क्लेमेंटने, त्याला ब्रिटनीतल्या फ्रोसे मठाचे उत्पन्न दिले. परतताना तो फ्लॉरेन्सला ड्यूक तिसऱ्या कोसिमोकडे राहिला आणि तिथल्या क्रुस्का अकादमीचा सदस्य झाला.

आपली हस्तलिखिते त्याने सँ-जेर्मँ-दे-प्रे मठाला दिली. राज्यक्रांतीनंतर ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेली. तिथल्या पौर्वात्य संग्रहात त्याच्या हाताखालून गेलेले अरबी, सिरियाक आणि कॉप्टिक ग्रंथ आजही आहेत.