गिटार पेडल बनवणाऱ्या ग्राहकांसाठी: पार्ट मागताना काय सांगावे, काय पाहून घ्यावे

"शंभर केचे तीन पॉट, बीसी ५४७ दोन, आणि ते पायाने दाबायचं बटण." सोलापुरातल्या आमच्या इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानात, काउंटरवर आणि व्हॉट्सॲपवर, रोज अशी यादी येते. माल जातो, आणि आठ दिवसांनी निम्मे ग्राहक तोच माल घेऊन परत येतात: "पार्ट खराब लागला." आम्ही मीटर लावून दाखवतो, पार्ट चांगला असतो. यात तुमची एक चक्कर जाते आणि आमचा अर्धा तास. तो वाचावा म्हणून हे पत्रक. सोल्डरिंग येते, मीटर धरता येतो आणि सर्किटचा नकाशा थोडाफार वाचता येतो, एवढे गृहीत धरले आहे.

सर्वांत जास्त परत येतो तो ट्रान्झिस्टर, म्हणून आधी त्याचेच.

नंबर चालतो, पाय जुळत नाहीत

परदेशी सर्किटच्या यादीत २एन ३९०४ किंवा २एन ५०८८ असतो. आम्ही त्याऐवजी बीसी ५४७ किंवा बीसी ५४९ देतो, आणि ते देणे चूक नाही. दोन्ही एनपीएन सिलिकॉन आहेत. बीसी ५४९ सी चा गेन (प्रवाह किती पट वाढवतो तो आकडा) ४२० ते ८०० च्या दरम्यान असतो, कमी सिग्नलसाठीच तो बनवलेला आहे, आणि स्वस्त आहे. अडचण पायांची आहे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असा धरला, तर २एन ३९०४ आणि २एन ५०८८ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी ५४७, ५४८, ५४९ चे कलेक्टर, बेस, एमिटर. म्हणजे बरोब्बर उलटे. पीसीबीवर अर्धगोल छापलेला असतो, त्यात बीसी बिनदिक्कत बसतो आणि तिथेच फसवतो.

पेडल पूर्ण बंद पडले असते तर चूक लगेच सापडली असती. पण कलेक्टर-एमिटर उलटे झालेला ट्रान्झिस्टर मरत नाही, त्याचा गेन मात्र शे-दोनशेवरून पाच-दहाच्या आत येतो. आवाज येतो, बारीक येतो, फाटका येतो. मग माणूस कपॅसिटर बदलतो, जॅक बदलतो, वायर बदलतो, आणि शेवटी आमच्याकडे येतो.

एक नमुना पाहा. एलपीबी-१ हा इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा १९६० च्या दशकाच्या अखेरचा बूस्टर, म्हणजे गिटारचा सिग्नल नुसता वाढवणारे पेडल. त्यात एकच ट्रान्झिस्टर आहे. बेसला वरून ४३० के आणि खाली ४३ के, कलेक्टरला १० के, एमिटरला ३९० ओहम, आत-बाहेर ०.१ मायक्रोचे दोन कपॅसिटर आणि शेवटी १०० केचा पॉट (नॉबने फिरवायचा बदलता रेझिस्टर). ४३० के आणि ४३ के दुकानात सहज मिळत नाहीत, ४७० के आणि ४७ के घ्या, प्रमाण तेच राहते. जोडून झाल्यावर गिटार न लावता नुसती बॅटरी लावा. मीटरची काळी पिन ग्राउंडला आणि लाल पिन १० केचा रेझिस्टर ट्रान्झिस्टरला मिळतो तिथे ठेवा. ४ ते ५ व्होल्ट दिसले तर काम झाले. ८ च्या आसपास किंवा पुढे अडकून बसले, तर ९० टक्के वेळा पाय उलटे आहेत. लगेच बंद करा. बेस-एमिटर जोडाला उलट दिशेने साधारण ६ व्होल्टच झेपतात. तसाच तासन् तास चालू ठेवलेला ट्रान्झिस्टर नंतर सरळ लावला तरी सूं-सूं जास्त करतो.

उपाय सोपा आहे. एमिटर-बेस-कलेक्टर क्रमाच्या जागी बीसी लावायचा असेल तर तो अर्धा वळसा फिरवून लावा, म्हणजे सपाट बाजू छापील खुणेच्या विरुद्ध येईल. बेस दोघांचाही मध्येच असल्याने एवढ्याने भागते. मॉसफेटमध्येही हाच प्रकार: २एन ७००० चे पाय सोर्स, गेट, ड्रेन आणि बीएस १७० चे ड्रेन, गेट, सोर्स, तिथेही फिरवून जमते. पण जपानी २एससी १८१५ किंवा २एससी ९४५ आला की फिरवून भागत नाही, कारण त्यांचे पाय एमिटर, कलेक्टर, बेस असे आहेत. तिथे दोन पाय एकमेकांवरून ओलांडून न्यावे लागतात आणि एका पायावर स्लीव्ह घालावी लागते. टीव्ही मेकॅनिककडचा जुना ९४५ वापरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

नंबर पुसट असेल तर मीटर डायोडवर ठेवा. एनपीएनमध्ये लाल पिन बेसवर असताना दोन्ही बाजूंना ०.६ ते ०.७ दाखवतो. त्यातला जो आकडा किंचित जास्त, तो एमिटर. फरक हजारांशांत असतो, पण असतो. आणि ट्रान्झिस्टर थेट डाग देऊन लावण्यापेक्षा तीन छिद्रांची सॉकेट पट्टी लावा. तिची किंमत ट्रान्झिस्टरएवढीच आहे, आणि फिरवून पाहायला सोल्डर शोषावा लागत नाही.

जे २०१ आणि २एन ५४५७ हे जेफेट लांब पायांच्या रूपात बनवणे मोठ्या कंपन्यांनी बंद केले आहे. बाजारात त्या नावाने जे स्वस्तात फिरते त्यात नकली फार. आम्ही जे २०१ चा छोटा, पृष्ठभागावर बसणारा प्रकार बारीक पट्टीवर डाग देऊन देतो. भाव जास्त वाटतो खरा, पण माल खरा आहे. जेफेटच्या ड्रेनला ठरावीक रेझिस्टरऐवजी ट्रिमपॉट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) लावून व्होल्टेज ४.५ वर आणावा, कारण एकाच पाकिटातले दोन जेफेट सारखे नसतात.

पॉट मागताना अक्षर सांगा

'१०० के' हे अर्धेच नाव आहे. बी १०० के म्हणजे लिनिअर, ए १०० के म्हणजे लॉग, सी म्हणजे उलटा लॉग. व्हॉल्यूमला बी लावला तर पहिल्या पाव फेरीतच आवाज चढतो आणि उरलेली फेरी वाया जाते. टोनला बहुतेक ठिकाणी बी चालतो. जुन्या युरोपीय मालावर ए आणि बी यांचे अर्थ उलटे असत, त्यामुळे जुन्या ॲम्प्लिफायरमधून काढलेल्या पॉटच्या अक्षरावर भरवसा नको. नॉब बरोबर मध्यावर ठेवा आणि मधल्या पायापासून कडेच्या पायांपर्यंत मोजा. दोन्हीकडे निम्मे-निम्मे आले तर लिनिअर. एकीकडे दहा-पंधरा टक्के आणि दुसरीकडे बाकीचे सगळे, तर लॉग. सी नेहमी नसतो. तो नसेल तर ए घेऊन कडेचे पाय अदलाबदल करा, फक्त नॉब उलट्या दिशेने वाढेल.

आणि दांडा पाहून घ्या. खाचांचा फटीचा दांडा आणि स्क्रूचा नॉब यांचे जमत नाही. नॉब आमच्याकडूनच घेणार असाल तर पॉटवर बसवून पाहूनच देतो.

एकाच कपॅसिटरची चार नावे

०.०४७ मायक्रो, ४७ नॅनो, ४७३ आणि जुने मेकॅनिक म्हणतात तो ४७ केपीएफ, ही चारही एकाच वस्तूची नावे आहेत. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून यादी जुळवणारे तो तीनदा घेतात. तिसरा आकडा पुढच्या शून्यांचा आणि उत्तर पिकोमध्ये, एवढे कळले की पुरे. १०४ म्हणजे १०० नॅनो, ४७१ म्हणजे ४७० पिको. जे अक्षर म्हणजे ५ टक्के, के म्हणजे १०. सिग्नलच्या वाटेवर पॉलिस्टर घ्या. सिरॅमिक डिस्क पिकोमधल्या किमतींपुरत्या ठेवा.

रेझिस्टर आम्ही पाव वॉटचे, एक टक्क्याचे मेटल फिल्म देतो. त्यावर पाच पट्टे असतात आणि चार पट्ट्यांची सवय असलेले इथे चुकतात. १० के म्हणजे तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. तोच उलट्या बाजूने वाचला तर तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी, म्हणजे १२० ओहम! दोन्ही टोकांना तपकिरी असल्याने डोळा फसतो. डाग देण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर धरा. रेझिस्टर दहाच्या पट्टीतच मिळतात. एकेक सुटा काढून देण्यात वेळ जातो आणि मिसळामिसळही होते.

स्विच, जॅक, डबा

पायाचे बटण म्हणजे नऊ पायांचा ३पीडीटी. ट्रू बायपास (पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला वगळून सरळ पुढे जाणे) आणि एलईडी दोन्ही साध्या जोडणीत हवे तर हाच लागतो. त्याचे पाय प्लॅस्टिकमध्ये रोवलेले असतात. सोल्डरिंगची इस्त्री एका पायावर दोन-तीन सेकंदच ठेवा, मग दुसऱ्या टोकाचा पाय घ्या. एकाच पायावर टेकवून बसलात की प्लॅस्टिक मऊ होते, आतली पट्टी सरकते आणि स्विच कधी लागतो, कधी नाही. असे जळके स्विच आम्ही ओळखतो, ते बदलून मिळणार नाहीत.

इनपुटला मोठा ६.३५ मिमीचा स्टिरिओ जॅक घ्या, आउटपुटला मोनो. बॅटरीची वजा वायर स्टिरिओच्या मधल्या रिंगला जोडली की प्लग काढल्यावर बॅटरी आपोआप तुटते. मोनो लावला तर वाजवत नसतानाही बॅटरी उतरत राहते.

डबा धातूचाच हवा आणि तो ग्राउंडला जोडलेला हवा. शेंगाचटणीचा प्लॅस्टिक डबा हाताशी असतो, पण तो ट्यूबलाइटची सगळी घरघर आत घेतो. ओतीव ॲल्युमिनियमचे दोन आकार ठेवतो: १५९० बी, म्हणजे साधारण ११२ बाय ६० बाय ३१ मिमी, आणि १२५ बी, तो थोडा मोठा आणि उंच. पहिल्यांदा करणाऱ्याने १२५ बी घ्यावा. लहान डब्यात बॅटरी आणि १६ मिमीचे तीन पॉट कोंबताना वायरी तुटतात. छिद्रे: पॉटला ७ मिमी, स्विचला १२. आम्ही भोके पाडून देतो, पण नकाशा कागदावर मापासह आणा.

एक राहिले. परदेशी आकृतीत 'वेरो' लिहिलेले असेल तर तांब्याच्या सलग पट्ट्यांचा बोर्ड मागा. आपल्याकडच्या झिरो पीसीबीवर सुटे ठिपके असतात. त्यावर ती आकृती जशीच्या तशी उतरवली तर काहीच जोडले जात नाही.

९ व्होल्टचा अडॅप्टर, पण आत वजा

गिटार पेडलच्या २.१ मिमी जॅकमध्ये मधली पिन वजा आणि बाहेरचे कडे अधिक असते. राउटरचे बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात. लाल पिन आत, काळी बाहेर लावा. मीटरवर आकड्याआधी वजा चिन्ह दिसले तर अडॅप्टर योग्य. प्रत्येक पेडलमध्ये १एन ५८१७ डायोड घाला, उलटा अडॅप्टर लागला तरी पाच-दहा रुपयांत आयसी वाचतो. ट्रान्सफॉर्मरचा जड, साधा अडॅप्टर ९ लिहिलेला असला तरी भार नसताना १२-१३ दाखवतो, आणि आयसीएल ७६६० सारखा आयसी एवढ्याने जातो. घरघर येत असेल तर आधी बॅटरीवर लावून पाहा. बॅटरीवर शांत असेल तर दोष अडॅप्टरचा किंवा लाइनचा. शहराच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालू असेल तर हे फार जाणवते.

जर्मेनियम आणि सोलापूरचा मे महिना

फझ फेस, हे १९६६ चे आवाज फाडणारे पेडल, मुळात जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर चालत असे, म्हणून एसी १२८ ची मागणी असते. तो देतो, पण आधी सांगून देतो. जर्मेनियमची गळती (ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारा प्रवाह) दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. जानेवारीच्या रात्री १६ अंशांवर ट्रिमपॉट लावून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ४.५ व्होल्ट आणलेत, तर मे महिन्यात ४२ अंशांवर गळती पाच-सहा पट झालेली असते आणि आवाज चोंदतो. तेव्हा ट्रिमपॉट बाहेरून हात पोचेल असा ठेवा. शिवाय साध्या मीटरच्या एचएफईवर (गेन मोजण्याच्या सोयीवर) जर्मेनियमचा गेन फुगलेला दिसतो, कारण गळतीही त्यातच मोजली जाते. एसी १२८ पीएनपी आहे. मूळ सर्किटमध्ये ग्राउंडला बॅटरीचा अधिक जातो, त्यामुळे ते पेडल इतरांच्या एकाच अडॅप्टरवर लावू नका, शॉर्ट होईल. बारमाही वाजवायचे असेल तर सिलिकॉन बीसी १०८ घ्या. आमचा नफा त्यात कमी आहे, तरीही.

देणे-घेणे

ट्रान्झिस्टर, आयसी आणि पॉट मागितल्यास समोर मीटर लावून देतो, त्याचे पैसे नाहीत. पाय कापलेला किंवा डाग दिलेला माल परत घेत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काही वस्तू स्वस्त मिळतात हे आम्हालाही ठाऊक आहे. तिथे काही दुकानांत शंभराचे पाकीट घ्यावे लागते, इथे रेझिस्टर सोडून दोन नगही मिळतात. एलपीबी-१ चा पूर्ण संच, सॉकेट पट्टी आणि पायांच्या खुणांच्या चिठ्ठीसह, तयार असतो. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटला पार्सल पाठवतो. यादी सर्किटच्या फोटोऐवजी ओळीने लिहून पाठवा: पार्टची किंमत (१०० के, ४७ नॅनो अशी), प्रकार, नग. गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या आसपास, मिरवणुकीच्या दिवशी रस्ते बंद असतात आणि दुकान दुपारनंतर उघडते, त्या दिवसांचे पार्सल एक दिवस उशिरा निघेल.