मिठाची बरणी आणि बंद पडलेला सीपीयू

जुलैचा दुसरा आठवडा. तीन दिवस उन्हाचं नाव नाही, धुतलेले कपडे पंख्याखाली, आणि करंझाळ्याहून मामीचा फोन. "अरे, सीपीयू चालू होतो, आतला पंखा फिरतो, पण पडदा काळाच. आणि मधेच लांब शिट्टी मारल्यासारखा आवाज करतो."

मामीचा सीपीयू म्हणजे ती लोखंडी पेटी. खरा सीपीयू आतली बिस्किटाएवढी चकती. पण सगळं जग पेटीलाच सीपीयू म्हणतं, तेव्हा मी तिथे शिकवायला जात नाही.

"शेजारचा मुलगा म्हणतो, रॅम काढून खोडरबराने घासा."

ही युक्ती गोव्यात घरोघर मुरलेली आहे. सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना संगणक मिळाले, तेव्हापासून दर पावसाळ्यात कंपासपेटीतला खोडरबर असा कामाला लागतो. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा गुण येतो. मात्र तो का येतो हे ठाऊक नसेल, तर त्याच खोडरबराने रॅमची वाट लागते.

आधी त्या शिट्टीचं. संगणक चालू झाला की पहिल्यांदा स्वतःचे अवयव चाचपून पाहतो. १९८१च्या आयबीएम पीसीपासून ही पद्धत आहे. मेमरीच, म्हणजे ही रॅमच, सापडली नाही, तर पडद्यावर काही लिहून दाखवण्याइतकंही त्राण त्याच्यात नसतं, म्हणून तो बीप वाजवतो. किती आणि कशा बीपचा काय अर्थ, हे आतल्या मुख्य बोर्डाप्रमाणे, म्हणजे मदरबोर्डाप्रमाणे, बदलतं, पण बऱ्याच बोर्डांत पुन्हा पुन्हा येणारी लांब बीप म्हणजे रॅमचं दुखणं. तेव्हा शेजारच्या मुलाचा अंदाज बरोबर होता.

रॅमच्या पट्टीच्या कडेला सोनेरी दात असतात. डीडीआर-३ पट्टीला २४०, डीडीआर-४ला २८८. सोनं खरंच असतं, पण मुलामा केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतका, कधी त्याहूनही पातळ. सोनं गंजत नाही, मग घासायचं काय? तर इतक्या पातळ मुलाम्याला सूक्ष्म भोकं राहतात. त्याच्या खाली निकेल, निकेलच्या खाली तांबं. दमट हवा त्या भोकांतून शिरते आणि खालच्या धातूंचे क्षार वर येऊन बसतात. शिवाय पेटी रोज तापते, रोज थंड होते. पट्टी आणि ती बसते तो स्लॉट कमी-जास्त फुगतात, दात जागच्या जागी किंचित सरकत राहतात, आणि त्या घर्षणाचा चुरा नेमका जोडाच्या ठिकाणी अडकतो. वीज पुढे जायला तिथे वाट उरत नाही.

खोडरबर ती पुटं काढतो हे खरं. पण त्याच्यासोबत सोनंही काढतो. दर पावसाळ्यात घासून घासून ज्या पट्टीचे दात लालसर पडले आहेत, अशी एक पट्टी माझ्या खणात आहे. आता ती महिनाभरही धड चालत नाही, कारण उघडं पडलेलं तांबं काळं व्हायला वेळ लागत नाही.

आणि निम्मं काम तर खोडरबराशिवायच होतं. पट्टी काढून परत बसवली की स्लॉटमधल्या स्प्रिंगच्या पात्या दातांवरून घासत जातात, तेवढ्यानेही पुटं फाटतात. म्हणून मामीला म्हटलं, "बटण बंद कर, पिन भिंतीतून काढ, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर म्हणजे आत साठलेली वीज उतरेल. पट्टी काढ, घाल, काढ, घाल. तीनदा. दातांना बोट लावू नकोस, हाताच्या घामात मीठ असतं." त्यानेही भागलं नाही, तर मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर दोन थेंब. सोन्याला धक्का लागत नाही.

संध्याकाळी फोन आला : चालला. तीन दिवसांनी पुन्हा फोन : परत तेच. मग मात्र मी फोंड्याहून बस पकडली.

पेटीची बाजू उघडली. आत करडी धूळ होती, पण आमच्या फोंड्याकडची भुरभुरीत धूळ नव्हे. बोटाला चिकटत होती, ओल्या पिठासारखी. मामीच्या खिडकीतून समुद्राची गाज ऐकू येते. लाट फुटते तेव्हा फेसाचे बुडबुडे फुटून बारीक तुषार उडतात, त्यातलं पाणी हवेतच सुकतं आणि मिठाचे कण वाऱ्याबरोबर घरात येतात. संगणकाचा पंखा ती हवा दिवसभर आत ओढत असतो.

पुढचं शास्त्र मामीच्या स्वयंपाकघरातच होतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे काय कोणाला सांगायला हवं? पण ते कधी सुटतं याला एक ठरलेली रेषा आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या खाली असली तर शुद्ध मिठाचा दाणा कोरडा राहतो. त्या रेषेवर गेली की तो हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतो. आगरवाड्याच्या मिठागरातलं गावठी मीठ तर त्याही आधी ओलं होतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते सुमारे ३३ टक्क्यांनाच पाणी धरू लागतं. समुद्रावरून आलेल्या धुळीत हे दोन्ही क्षार असतात. आणि जुलैत आपल्याकडची आर्द्रता ८५-९०च्या घरात.

म्हणजे मामीच्या मदरबोर्डावर धूळ नव्हती, मिठाच्या पाण्याची पातळ साय होती. शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही, खारट पाणी छान नेतं. चिपचे पाय एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरवर असतात, तेवढ्या अंतरात ही साय आडवाटेने वीज झिरपू देते. त्यात वीज चालू असेल तर एका पायाचं तांबं विरघळून दुसऱ्या पायाकडे निघतं आणि तिथे भिंगाखाली दिसणारी नाजूक झुडपं वाढतात. झुडूप पलीकडे टेकलं की शॉर्ट. अशा वेळी रॅम कितीही घासा, दुखणं रॅममध्ये नसतंच.

"पण गेल्या वर्षापर्यंत असं कधी झालं नव्हतं," मामी म्हणाली. खरं होतं. गेल्या वर्षापर्यंत नात घरी होती, पेटी रोज चार-पाच तास चालायची. आता नात वसतिगृहावर, आणि पेटी आठवड्यातून एकदा विजेचं बिल भरायला चालू होते.

"पावसात मशीन रोज थोडा वेळ चालू ठेव," असं जुनी माणसं रेडिओबद्दल सांगत, टीव्हीबद्दल सांगत. त्यामागचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. बाहेर २७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० टक्के धरा. तीच हवा पेटीत ३५ अंशांपर्यंत तापली, तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची पाणी धरायची ऐपत वाढते. सापेक्ष आर्द्रता उतरून सुमारे ५७ टक्क्यांवर येते. मिठाच्या ७५च्या रेषेच्या बरीच खाली! फक्त आठ अंशांच्या उबेने बोर्डावरची बरीचशी साय सुकते. नात अभ्यास करत होती (किंवा करत नव्हती, तो वेगळा विषय), आणि नकळत बोर्ड वाळवत होती.

कपाटात बल्ब लावून ठेवायची पद्धतही याच हिशेबावर चालायची. ४० वॅटच्या जुन्या बल्बची जवळजवळ सगळी वीज उष्णतेतच जायची. एलईडी बल्ब आले, बिल उतरलं, आणि कपाटातल्या रेशमी साड्यांना परत बुरशी धरायला लागली. लोक बल्ब अजून लावतात, ऊब मात्र त्यात राहिलेली नाही.

बोर्ड मी मऊ ब्रशने झाडला, अल्कोहोलने पुसला आणि दोन तास टेबलफॅनसमोर उघडा ठेवला. पेटीवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकलं. त्याने धूळ अडते, पण खालून शिरलेली ओल सुकायला वाव मिळत नाही. जुनं सुती पातळ बरं. आणि रोज अर्धा तास चालू ठेवायचं, भजन लावून का होईना. फार दिवस बंद राहिलेली पेटी मात्र ओल्या अंगाने चालू करायची नाही, त्याने झुडपांना खतच मिळतं. आधी बाजू उघडून पंख्याचा वारा द्यायचा.

चालू केल्यावर तारीख दिसली कित्येक वर्षांपूर्वीची, १ जानेवारी. मामीची दुसरी तक्रार, "बँकेची साइट असुरक्षित म्हणते," तीही इथेच उलगडली. साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, संगणकाच्या मते ती सुरुवात अजून उजाडायची होती. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला होता. नावातच माप आहे, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. पेटी बंद असताना हा सेल एक क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपवत ठेवतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत गेलं की नेमका एक उरतो, म्हणून तो निवडलाय. नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला, तारीख नीट केली, बँक उघडली.

जाता जाता आणखी एक. "मी रोज नीट शटडाऊन करते, तरी हँग होतो," हे मी सगळ्या नात्यागोत्यात ऐकतो. २०१२च्या विंडोज ८पासून शटडाऊन केलं तरी सिस्टीमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो, पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून. मग कालची गाठ आज तशीच. रीस्टार्ट मात्र सगळं पुसून पुन्हा मांडतो. हँग होत असेल तर रीस्टार्टच दाबायचं.

पेटी जागेवर सरकवताना हाताला झिणझिण्या आल्या. "ते नेहमीचंच," मामी म्हणाली, "आम्ही चप्पल घालून बसतो." मी टेस्टर लावला, दिवा मंद पेटला. पेटीच्या पॉवर सप्लायमध्ये दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून लोखंडाला, दुसरा न्यूट्रलकडून. त्यांच्यातून पाझरणारा प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायचा. ती वाट तुटली की लोखंड दोघांच्या मधोमध लटकतं, २३०च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह अगदी थोडा, म्हणून झिणझिण्यांवर निभावतं. पण अर्थिंग नसलेल्या घरात उद्या वॉशिंग मशीनची तार आतून सोलली गेली, तर तिथे झिणझिण्यांवर थांबणार नाही. चप्पल हा उपाय नव्हे. आणि सॉकेटमध्ये अर्थिंग न्यूट्रलला जोडून द्यायचा जुगाड काही जण करतात, तो तर जीवघेणा. न्यूट्रल कुठे तुटला की अख्खी पेटी फेजवर जाते.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत येणारी तार क्लॅम्पपाशीच गंजून तुटली होती. जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल टिकत नाही आणि कोरड्या जांभ्यातून वीज सहज उतरत नाही, म्हणून जुने लोक पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरून एप्रिल-मेमध्ये वर बादलीभर पाणी ओतत. मिठाने पाइप गंजतो, दर काही वर्षांनी बघावा लागतो, पण तोवर काम चोख. त्याने तार बदलली आणि खड्डा नव्याने भरायला घेतला.

मामी दोन पिशव्या घेऊन मागच्या दारात उभी. एकीत दुकानातलं बारीक मीठ, दुसरीत आगरवाड्याचं जाडं. "यातलं कुठलं घालू?"

"जाडं," मी म्हटलं. "ते उन्हाळ्यातही ओलं राहील."

"आणि संगणकात गेलं होतं ते?"

"तेही तसलंच."

तिने बारीक मिठाची पिशवी परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.