कुंकवाचं स्वस्तिक आणि झेंड्यावरचं हाकेनक्रॉइत्स

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या एका परिचितांचा टॉवेलचा कारखाना आहे. जर्मनीची पहिली खेप निघाली त्या दिवशी त्यांच्या आईनं पहिल्या खोक्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं, चार कोनांत चार ठिपके दिले, नारळ वाढवला. माल पोचला आणि तिकडून त्याच खोक्याचा फोटो आला. हे चिन्ह आमच्या मालावर कशासाठी? मालक हादरले. "शुभ म्हणून काढलंय की ओ आईनं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दोघांचंही खरं होतं. गोंधळ आहे तो दोन वेगळ्या चिन्हांचा, आणि तो फिरण्याच्या दिशेवरून सुटत नाही. 'आपलं उजवीकडे वळतं, नाझींचं डावीकडे' हे मोबाइलवर फिरणारं वाक्य चुकीचं आहे. नाझींचंही उजवीकडेच वळतं. डावीकडे वळणारं चीन-जपानच्या बौद्ध मंदिरांत दिसतं आणि ते तितकंच पवित्र आहे. नाझींनी ते बहुतेक वेळा तिरकं, एका टोकावर उभं केलं. लाल झेंडा, पांढरं वर्तुळ, त्यात काळी आकृती. पण त्यांच्या काही निशाणांवर ते सरळही होतं. म्हणून नुसती पट्टी लावून मोजू नये.

आधी नाव बघावं. स्वस्तिक म्हणजे सु आणि अस्ति, बरं असो. पाणिनीच्या अष्टाध्यायीत गुरांच्या कानांवरच्या खुणांमध्ये स्वस्तिक येतं. जैनांमध्ये ते सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचं लांछन, म्हणजे ओळखचिन्ह. आपल्याकडे वहीपूजनाला, उंबऱ्यापुढच्या रांगोळीत, नव्या गाडीवर.

जर्मन माणूस मात्र नाझींच्या चिन्हाला 'हाकेनक्रॉइत्स' म्हणतो, म्हणजे आकड्यांचा (हुकांचा) क्रूस. 1870 च्या दशकात ट्रॉय या प्राचीन नगरीच्या उत्खननात ही आकृती सापडली आणि पुढे जर्मन वंशवाद्यांनी ती 'आर्य' वंशाची खूण ठरवली. 1920 मध्ये नाझी पक्षाच्या झेंड्यावर ती आली, 1935 मध्ये तो झेंडाच देशाचा एकमेव राष्ट्रध्वज झाला. त्या झेंड्याखाली साठ लाख ज्यू मारले गेले. इंग्रजीनं मात्र या आकड्याच्या क्रुसालाही स्वस्तिकच म्हटलं, आणि आपल्या शब्दावर तो डाग तिथून बसला.

त्याआधी पश्चिमेतही हे चिन्ह निरुपद्रवी होतं. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग बिअरवर ते होतं, अमेरिकेच्या 45 व्या डिव्हिजनच्या सैनिकांच्या खांद्यावर होतं. अमेरिकेतल्या नवाहो, होपी यांसारख्या जमातींनी तर 1940 मध्ये आपलं हे पिढीजात चिन्ह यापुढे विणणार नाही, असं लिहून दिलं. विणकरांच्या गावात राहून हे वाचताना मला फार वाईट वाटतं. दुसऱ्याच्या पापापायी आपल्या मागावरची नक्षी सोडायची.

आणि चीन बघा. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून तिकडे गेले. त्याच सुमारास नानजिंगमध्ये जपानी सैन्यानं मारलेल्या माणसांची प्रेतं पुरण्याचं काम जी संस्था करत होती, तिचं नाव लाल स्वस्तिक संस्था. एकीकडे प्रेतांना माती देणाऱ्यांच्या निशाणावर, दुसरीकडे युरोपात प्रेतं पाडणाऱ्या नाझींच्या झेंड्यावर, तेही एकाच काळात.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं 2022 च्या कायद्यात बंदी घातली ती हाकेनक्रॉइत्सवर, आणि हिंदू, बौद्ध, जैनांचं स्वस्तिक स्पष्टपणे मोकळं ठेवलं. मला हीच रीत योग्य वाटते. दोन गोष्टींना दोन नावं.

पण फोटो पाठवणाऱ्याला अडाणी म्हणायला मी तयार नाही. ज्याच्या आजीला त्या चिन्हाच्या शिपायांनी घरातून ओढून नेलं असेल, त्याला संस्कृत व्युत्पत्ती ऐकवून काय होणार? मालकांनी शेवटी पत्र लिहिलं, अर्थ सांगितला, झालेल्या त्रासाबद्दल माफीही मागितली. ऑर्डर टिकली.

यंदा खंडेनवमीला आईंनी स्वस्तिक मागावर काढलं, ठिपक्यांसकट. जर्मनीच्या खोक्याला फक्त हळदीकुंकवाची बोटं लावली.