तोच पाय, तीच दुखापत: धावण्याची ढब सुधारण्याविषयी थोडं

नडगी दुखायला लागते. पंधरा दिवस पळणं बंद, बर्फ, मलम, क्रेप बँडेज. दुखणं जातं. पुन्हा मैदान, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीच नडगी, बोट ठेवावं तर तीच जागा. आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणारे पळणारे वेगवेगळे असतात. कोणी पोलीस भरतीचं ग्राउंड मारणारा, कोणी रात्रपाळी करून सकाळी होटगी रोडला धावणारा, कोणी रक्तात साखर निघाली म्हणून पन्नाशीत बूट घेतलेले काका. गोष्ट मात्र बहुतेकांची हीच.

विश्रांतीनं दुखरी जागा शांत होते, पाय जमिनीवर पडण्याची सवय तशीच राहते. वर त्या पंधरा दिवसांत पोटऱ्या आणखी ढिल्या पडतात. मग आधीच कमी पडणाऱ्या पायावर पहिल्याच दिवशी पहिल्याइतक्या फेऱ्या. नवी दुखापत कोणाला होईल हे ओळखण्याची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे आधी झालेली दुखापत, त्याचं एक कारण हेच.

हिशेब करून बघा. पाच किलोमीटर अर्ध्या तासात, मिनिटाला १६० पावलं, म्हणजे ४८०० पावलं. एका पायाच्या वाट्याला २४००. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. सत्तर किलोच्या माणसाला तो दीडशे-दोनशे किलोच्या घरात जातो. पाऊल थोडंसं चुकीचं पडत असेल तर ती चूक रोज २४०० वेळा होते. एकदा मुरगळलेला पाय वेगळा आणि हे दुखणं वेगळं.

आम्ही आधी काय बघतो

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूनं आणि मागून तुमचं पळणं टिपतो. सगळ्यात जास्त दिसणारी खोड म्हणजे लांब टांग टाकणं. पाय शरीराच्या बराच पुढे, गुडघा जवळजवळ ताठ, आणि टाच जमिनीवर आपटते. प्रत्येक पावलाला थोडा ब्रेक लागतो आणि तो धक्का नडगी, गुडघ्याची वाटी आणि खुबा झेलतात. भरतीची पोरं हे मुद्दाम करतात, कारण १६०० मीटरला 'टांग मोठी टाक' असं कोणीतरी सांगितलेलं असतं.

यावरचा उपाय ऐकायला फारच साधा आहे: वेग तोच ठेवून पावलं थोडी लहान आणि थोडी भराभर टाकायची. नेहमीच्या वेगानं पळताना तीस सेकंद फक्त उजवा पाय मोजा आणि चारनं गुणा. ३९ आले तर मिनिटाला १५६. त्यात पाच टक्के वाढवा, म्हणजे साधारण १६४. बस्स, एवढंच. पावलांचा दर पाच ते दहा टक्के वाढवला की गुडघा आणि खुब्यावरचा भार कमी होतो, हे प्रयोगशाळेत मोजून पाहिलेलं आहे. मोबाइलवर ठोके देणारं मेट्रोनोम ॲप मिळतं. हलगीच्या तालावर लेझीम खेळलेल्याला तर हे शिकवावंच लागत नाही, ताल पकडला की पाय आपोआप शरीराच्या जवळ पडतो.

१८० या आकड्याच्या मागे लागू नका. जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा जवळपास सगळे १८० किंवा त्याहून जास्त टाकत होते. पण ते जगातले अव्वल धावपटू, तेही शर्यतीच्या वेगात. तलावाच्या कडेनं रमतगमत पळणाऱ्यानं तोच आकडा गाठायचा म्हटलं तर नाचल्यासारखं होईल.

दुसरी खोड मैदानावरच्या चुन्याच्या रेघेवर तपासता येते. रेघेवरून पळा. दोन्ही पाय रेघेवरच किंवा एकमेकांना ओलांडून पडत असतील तर नडगीवर आणि मांडीच्या बाहेरच्या पट्ट्यावर ताण येतो. डावा पाय रेघेच्या डावीकडे, उजवा उजवीकडे पडू द्या.

पुढे झुकायचं ते घोट्यापासून, कंबरेतून नव्हे. हात, मान, खांदे यांवर आम्ही फार वेळ घालवत नाही. मुठी सैल ठेवा म्हणजे झालं.

'टाच टेकवायचीच नाही' हा सल्ला

हा मैदानावर फुकट मिळतो आणि महाग पडतो. चवड्यावर पळालं की गुडघ्यावरचा ताण कमी होतो, हे खरं. पण तो नाहीसा होत नाही, पोटरीवर आणि टाचेच्या मागच्या जाड नसेवर (अकिलीस टेंडनवर) जातो. आमच्यातल्या एकानं हौसेनं एका आठवड्यात चवडा धरला आणि पुढचे तीन महिने जिना उतरताना कठडा धरला. टाच हळू टेकत असेल आणि पाऊल शरीराच्या जवळ पडत असेल तर टाचेला हात लावायचं कारण नाही.

सावकाश

नवी ढब पहिल्या आठवड्यात फक्त पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत वापरा, मधे चाला. दमसास लवकर वाढतो, हाड आणि नस मागाहून तयार होतात. छाती 'अजून पळ' म्हणते तेव्हा नडगीचं ऐका. पळताना दहापैकी तीनपर्यंत (शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य) दुखलं आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसलं तर चालेल. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल जास्त दुखलं तर कालचं जास्त झालं.

ताकद नसेल तर ढब टिकत नाही. दिवसाआड एका पायावर टाच उचलण्याचे पंधराचे तीन संच करा. आधार भिंतीचा, वर जायला दोन सेकंद, खाली यायला तीन. एका पायावर सलग पंचवीस जमेपर्यंत सोडू नका. दिवसभर यंत्रमागापुढे उभं राहणाऱ्यांनी हे सुट्टीच्या दिवशी करावं, पाळीनंतर नको.

आपल्याकडची जमीनही लक्षात घ्या. काळ्या मातीचं मैदान पावसात चिकटतं आणि उन्हाळ्यात भेगा पडून दगडासारखं होतं. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे रोज एकाच बाजूनं पळणाऱ्याचा एक पाय कायम खाली राहतो. मैदानाला फेऱ्या मारताना दिशा अधूनमधून बदला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी सातच्या आत घरी या. थकल्या पायानं कुठलीही ढब मोडते.

आमच्याकडे नव्हे, थेट हाडांच्या डॉक्टरांकडे

नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी दुखतं, रात्री ठणकतं, त्या पायावर उडी मारवत नाही, असं असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ती साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. एक्स-रे 'नॉर्मल' आला म्हणून पळायला जाऊ नका. पोटरी एकाएकी सुजून गरम झाली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

येताना गुडघा दिसेल अशी हाफ पँट घाला, रोजचेच बूट आणा आणि गेल्या महिन्यात किती पळालात ते कागदावर लिहून आणा. निम्मं निदान त्या कागदातच सापडतं. पहिल्या भेटीला तासभर लागतो, नंतर सहसा तीन-चार भेटी पुरतात. दुखणं परत येणार नाही अशी हमी आम्ही देत नाही. आणि ग्राउंडची तारीख दहा-पंधरा दिवसांवर आली असेल तर आता काहीच बदलू नका, आहे त्या ढबीनं पळून या, मग भेटू.