जॉनी कॅश फॉल्सम तुरुंगात शिक्षा भोगत नव्हता

काळे कपडे, खर्जातला आवाज आणि 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' हे गाणं. एवढ्या भांडवलावर अमेरिकी कंट्री गायक जॉनी कॅश खून करून तुरुंगात गेला होता, अशी समजूत वर्षानुवर्षं चालत आली आहे. त्यात तथ्य नाही. त्याने तुरुंगवासाची शिक्षा कधीच भोगली नाही.

हे गाणं सुचलं तेव्हा तो अमेरिकी हवाई दलात होता, जर्मनीतल्या लँड्सबर्गच्या तळावर. तिथे त्याने कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगावरचा एक चित्रपट पाहिला आणि कैद्याच्या तोंडी गाणं लिहिलं. गाण्यातली रेनो शहरात माणूस मारल्याची ओळ त्या कैद्याची, कॅशची नव्हे. चाल आणि बरेचसे शब्द तर संगीतकार गॉर्डन जेन्किन्सच्या गाण्यावरून उचललेले. त्याबद्दल कॅशला पुढे जेन्किन्सला भरपाई द्यावी लागली. (गुन्हाच शोधायचा तर हा घ्या!)

अटक मात्र झाली होती, तीही अनेकदा. 1965 मध्ये टेक्सासमधल्या एल पासोला त्याच्याकडे नशेच्या गोळ्यांचा मोठा साठा सापडला. त्याच वर्षी मिसिसिपीतल्या स्टार्कव्हिलमध्ये रात्री परक्याच्या आवारात फुलं तोडताना पकडला गेला. दरवेळी कोठडीतली एखादी रात्र, बस्स.

13 जानेवारी 1968 ला तो फॉल्सममध्ये गेला तो पाहुणा कलाकार म्हणून. त्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डवर खुनाच्या ओळीनंतर ऐकू येणारा कैद्यांचा जल्लोषसुद्धा नंतर स्टुडिओत जोडलेला आहे.

खरा कैदी होता दुसरा कंट्री गायक, मर्ल हॅगार्ड. कॅलिफोर्नियातल्याच सॅन क्वेंटिन तुरुंगात शिक्षा भोगताना त्याने कॅशचा कार्यक्रम श्रोत्यांत बसून ऐकला होता.