फ्रेंच भविष्यकाळाच्या पोटातलं मूळ रूप

फ्रेंच शिकायला लागलं की पहिल्या काही आठवड्यांतच क्रियापदं चालवावी लागतात. डावीकडे मूळ रूप, म्हणजे फ्रेंचमध्ये ज्याला ‘अँफिनितीफ’ म्हणतात ते, आणि उजवीकडे मी-तू-तो. ई-आरवाली, म्हणजे मूळ रूपाच्या शेवटी ही दोन अक्षरं असलेली, क्रियापदं मुकाट्याने चालतात. फ्रेंचमधली दहातली नऊ क्रियापदं याच गटातली. आय-आरवालीही बरीचशी ऐकतात. उरलेल्यांचा तिसरा गट मात्र मुलांना रडवतो. का, असं विचारलं की उत्तर मिळतं, “अपवाद आहे, पाठ करा.” मी शिकवायला लागल्यापासून हे उत्तर देत नाही, कारण यांतल्या बहुतेक अपवादांना कारण आहे आणि ते लॅटिनमध्ये सापडतं.

लॅटिनची मूळ रूपं ‘रे’ने संपत. कांतारे म्हणजे गाणे, त्याचं फ्रेंचमध्ये झालं शाँते. फिनीरे म्हणजे संपवणे, ते झालं फिनीर. आता देबेरे (देणं लागणे) आणि पेर्देरे (हरवणे) ही जोडी पाहा. देवनागरीत शेवट सारखाच दिसतो, पण देबेरेमध्ये जोर ‘बे’वर होता आणि पेर्देरेमध्ये अगदी पहिल्या ‘पेर’वर. जोर असलेला स्वर ताणला गेला, पुढे दुहेरी झाला आणि शेवटी ‘वा’पर्यंत पोहोचला, म्हणून दव्वार. बिनजोराचा स्वर गळून पडला, म्हणून पेर्द्र. तिसऱ्या गटातली ओ-आय-आरवाली आणि आर-ईवाली क्रियापदं वेगळी दिसतात ती मुख्यतः जोर कुठे पडायचा यामुळे.

पण खरी गोष्ट भविष्यकाळाची आहे. अभिजात लॅटिनमध्ये ‘तो गाईल’ म्हणजे कांताबित आणि ‘तो गायला’ म्हणजे कांतावित. बोलीत ब आणि व एक होऊ लागले तेव्हा उद्या आणि काल यांतला फरकच कानाला कळेनासा झाला. लोकांनी दुसरी वाट धरली. मूळ रूपाला ‘हाबेओ’ जोडायचं, म्हणजे ‘माझ्यापाशी आहे’. कांतारे हाबेओ, मला गायचं आहे. आपल्याला हे समजायला अजिबात जड नाही. “मला उद्या पुण्याला जायचंय” म्हणताना आपणही ‘आहे’च्या आधारावर उद्याबद्दलच बोलत असतो. फरक इतकाच की लॅटिनच्या लेकींनी, म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या भाषांनी, हे दोन शब्द वितळवून एक केला. फ्रेंचमध्ये त्याचं झालं शाँत्रे. भविष्यकाळाचे प्रत्यय वहीत लिहा आणि शेजारी ‘आव्वार’ (जवळ असणे, ‘हाबेओ’चाच फ्रेंच वंशज) या क्रियापदाचा वर्तमानकाळ लिहा. एकवचनात आणि ‘ते’च्या रूपात अक्षरं तीच, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’मध्ये फक्त सुरुवातीचं ‘आव’ झडलेलं. वर्गात हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा मुलं क्षणभर गप्प होतात. मला तो क्षण फार आवडतो.

या जोडशब्दाची सगळ्यात जुनी ठळक नोंद सातव्या शतकातली आहे. फ्रेडेगारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीत सम्राट जस्टिनियन हरलेल्या पर्शियन राजाकडे प्रांत मागतो. राजा म्हणतो, “नोन दाबो”, देणार नाही. सम्राट म्हणतो, “दारास”, देशील! दारा या शहराचं नाव त्यावरूनच पडलं, असं बखरकार सांगतो. ही व्युत्पत्ती रचलेली आहे. पण या एका संवादात जुना भविष्यकाळ (दाबो) आणि नवा, जोडून झालेला भविष्यकाळ (दारास) समोरासमोर उभे आहेत. पुढे 14 फेब्रुवारी 842 रोजी स्ट्रासबुर्ग इथे फ्रँक सम्राट शार्लमेनच्या दोन नातवांनी एकमेकांच्या सैन्याला कळावं म्हणून एकमेकांच्या भाषेत शपथा घेतल्या. फ्रेंचचा सर्वांत जुना मजकूर म्हणतात तो हाच, आणि त्यात या दोघांपैकी एकाच्या, जर्मन लुईच्या, तोंडी ‘साल्वराय’ आहे: मी माझ्या भावाला साथ देईन. तिथे दोन शब्द पक्के सांधले गेले होते.

हे एकदा कळलं की अपवाद सुटू लागतात. व्हनीर म्हणजे येणे, मग भविष्यकाळात व्ह्याँद्रे, हा ‘द’ कुठून आला? मधला स्वर गळाला, न आणि र एकमेकांना भिडले आणि त्यांच्यामध्ये जिभेने द आणला. आपण वानराचं वांदर केलं ते असंच. फ्रेंच ‘आले’ म्हणजे जाणे, त्याचं भविष्यकाळात इरे होतं, कारण तिथे लॅटिनचं ‘ईरे’ हे दुसरंच क्रियापद जिवंत राहिलं आहे.

मूळ रूप नाम म्हणूनही वावरतं. ‘दव्वार’ म्हणजे देणं लागणे, आणि तोच शब्द नाम झाला की कर्तव्य, अनेकवचनात गृहपाठ. मराठीत ‘देणं’ क्रियाही आहे आणि डोक्यावरचं कर्जही, त्यामुळे आपल्या मुलांना हे चटकन पटतं. ‘प्लेझीर’, आनंद, हेही एके काळी मूळ रूपच होतं. क्रियापद म्हणून पुढे ‘प्लेर’ने त्याची जागा घेतली आणि जुनं रूप नाम होऊन उरलं.

आता शेवटच्या ‘र’बद्दल. मध्ययुगानंतर फ्रेंचमध्ये शब्दांच्या शेवटची व्यंजनं गळत गेली. फिनीरचा र व्याकरणकारांनी आग्रहाने परत आणला, पार्लेचा गेला तो गेलाच. म्हणून ‘बोलणे’, ‘बोललेला’ आणि ‘तुम्ही बोलता’ हे तिन्ही आज ‘पार्ले’च ऐकू येतात आणि फ्रेंच मुलंसुद्धा लिहिताना चुकतात. त्यावर तिथल्या शिक्षकांची जुनी युक्ती अशी: त्या जागी ‘वाँद्र’ (विकणे) घालून पाहा. वाक्यात वाँद्र बसलं तर मूळ रूप, ‘वाँद्यु’ बसलं तर विकलेला.

रोजच्या बोलण्यात आता ‘जातो’ला मूळ रूप जोडून केलेला भविष्यकाळ पुष्कळदा वापरतात: झ व्हे शाँते, मी आता गाणार आहे. त्यात शाँतेचा र मुका आहे. झ शाँत्रेमध्ये मात्र तोच र आजही स्पष्ट ऐकू येतो.